पायाची समाधी

निजामाची सद्दी ओसरत आली होती तेव्हाची गोष्ट. चाकूरहून सरकी घेऊन लातूरला निघालेली सिद्रामप्पाची गाडी उतारावर उलटली आणि चाक त्याच्या उजव्या पायावरून गेलं. गुडघ्यापासून खाली हाडांचा नुसता चुरा. दोन दिवसांत दवाखान्यात त्याच्या खाटेपाशी बसवेना, असा वास सुटला.

डॉक्टर रामकिशन त्याच्या बायकोला, गौरम्माला, व्हरांड्यात घेऊन गेले. "बाई, पाय कापला तर माणूस राहील. जुळवायला बघितलं तर पायाची उमेद थोडी, आणि विष वर चढलं की माणूसही जाईल. आज इजाजत द्या."

सिद्रामप्पा हटून बसला. "न्हाई म्हंजे न्हाई. एका पायानं खड्ड्यात मांडी कशी घालू गं? बा बसलाय तसंच बसायचंय मला."

लिंगायतांत मेलेल्याला मांडी घालून बसवून पुरतात. जगायचं राहिलं बाजूला, मेल्यावर बसायचं कसं याचा घोर! गौरम्माला संताप आला आणि रडूही आलं. तिला नवरा हवा होता, अर्धा तर अर्धा. तो तापाच्या ग्लानीत गेल्यावर ती डॉक्टरांना म्हणाली, "कापा."

गुडघ्याच्या वरून पाय कापला. धाकटा दीर नागप्पा तो धोतरात गुंडाळून गावी घेऊन गेला, आणि भाबडेपणानं नको ते करून बसला. बापाच्या समाधीशेजारी बसता माणूस मावेल एवढा खड्डा खणला, समाधीत घालतात तशी मीठ-विभूती पसरली, बेल वाहिला आणि भावाचं नाव घेऊन पाय ठेवला.

"दादाची जागा धरून ठिवली, वैनी," परत येऊन तो म्हणाला.

महिन्याभरात दवाखान्यातच जखम भरत आली. एका दिवेलागणीला सिद्रामप्पा हळूच म्हणाला, "गौरा... पाय लई गार पडलाय."

"कोणता?"

"पुरलेला. बाजूला बा बसलाय... म्हणतोय, दुसरा बी आण, मांडी पुरी कर..."

कापलेला पाय काही दिवस असा छळतोच, असं डॉक्टर म्हणाले होते. गौरम्माने तेच घट्ट धरून ठेवलं.

"ह्यो बी कापायला सांग," तो तिचा हात धरून म्हणाला. "ह्याच्यासाठीच बोलवायलाय बा..."

"धड पाय कोण कापतं? निजा गप."

सकाळी ती पेज घेऊन आली. सिद्रामप्पा भिंतीला टेकून ताठ बसला होता. अंग केव्हाच गार पडलं होतं. डावा पाय दुमडलेला, आणि अंगावरची चादर दोन्ही बाजूंना सारखीच उचललेली, मांडी घातल्यासारखी.

तिने उजवीकडची चादर ओढली. खाली पाय नव्हता. ओलं मीठ होतं, आणि त्यात बेलाचं एक पान, अजून हिरवं.