मोहाखालचं लेकरू

विश्वास ठेवा म्हणून हात जोडणार नाही. माझ्यासोबत घडलं तेवढंच सांगते.

साल १९७८. चिखल्याच्या मँगनीज खाणीवरची मजूर वस्ती. धानाची कापणी उरकलेली, थंडी पडू लागलेली. आमचे हे, टिकाराम, ठेकेदाराचा ट्रक चालवायचे. माझी चंद्रकला तान्ही, अंगावर पिणारी.

भुतांना मी भीत नव्हते. सासूबाईंना भ्यायची, तेवढं पुरायचं.

शेजारी रंभाबाई, गोंडाची. तिचं बाळ आदल्या वर्षी गेलं. त्यांच्यात तान्हं लेकरू मोहाच्या झाडाखाली पुरतात. मग झाडच त्याची आई होतं, त्याला दूध पाजतं. तिचंही वस्तीजवळच्या मोहाखाली पुरलेलं. रंभाबाई त्या मोहाची फांदी कुणाला तोडू द्यायची नाही. येता-जाता खोडावरून हात फिरवायची.

ठेकेदारानं ट्रकच्या रस्त्यासाठी तो मोह पाडला.

रंभाबाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता माह्या लेकराले कोण पाजल वं बाई?"

त्याच दिवशी, दिवेलागणीला...

तान्ह्या बाळाचं रडणं.

मी पाळण्यात पाहिलं. चंद्रकला गाढ झोपलेली.

रडणं रस्त्याकडून येत होतं... उरलेल्या बुंध्यापासून.

"मांजरं भांडून राहिले असतील," हे म्हणाले.

"मांजराच्या रडण्यानं पान्हा फुटते काजी?"

माझी चोळी ओली झाली होती.

मग रोज तेच. रंभाबाई दारात कान दाबून बसायची. "माहं दूध तं आटलं वं... नाही तं मीच गेली असती."

शेवटी मी पळसाच्या पानाचा द्रोण घेतला. त्यात दूध पिळलं. दोघी बुंध्याशी गेलो.

"पी रे राजा," रंभाबाई म्हणाली, "मावशीनं आणलं."

रडणं थांबलं.

मग... चुट्... चुट्...

जवळपास कुणी नव्हतं. द्रोण कोरडा झाला.

रंभाबाईनं बुंध्याशेजारी मोहाचं रोप लावलं. "हे मोठं होयेपर्यंत तुह्यंच दूध."

रोज संध्याकाळी मी द्रोण ठेवत गेले.

पुढे ठेकेदाराचं काम संपलं, आम्ही मोहाडीला आलो. रोप तेव्हा वीतभरच होतं. निघताना रंभाबाईनं काही मागितलं नाही. चंद्रकलेच्या डोक्यावरून हात फिरवला... खोडावरून फिरवायची तसाच.

आज चंद्रकलेला दोन लेकरं आहेत. माझं दूध कधीचं आटलं.

पण परवा दिवेलागणीला दिवा लावत होते, अन्...

चोळी ओली झाली.

ते रोप जगलं नसावं.