ऑईलची सीलबंद बाटली

खोटं वाटलं तर खुशाल खोटं म्हणा. मला फरक पडत नाही. नागापूरच्या एमआयडीसीत सतरा वर्षं लोखंड कोरणाऱ्या बोरिंग मशीनवर उभा आहे मी. सुताभराच्या फरकावरून माणसांशी भांडणारा माणूस. डबा खाताना कुणी भुताखेतांचा विषय काढला की मी उठून दुसऱ्या टेबलावर जायचो.

आता जात नाही.

आणि हो, रात्र-बित्र काही नव्हती. गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला शनिवार, दुपारचा दीड. राहुरीच्या अलीकडं आमचं गाव, घरामागं पत्र्याचं शेड. ऊन असलं की कुत्रंसुद्धा हौदाच्या आडोशाला शिरलेलं.

शेडमध्ये मी आणि हर्षलची गाडी.

हर्षल माझा धाकटा भाऊ. जुनी टू-स्ट्रोक गाडी घेऊन, उंच शॉकअप आणि खडबडीत टायर बसवून त्यानं ती मातीच्या रेसला तयार केली होती. त्या एप्रिलच्या तीन वर्षं आधी जामखेडच्या पुढं एका माळावर रेस होती. उडी मारून गाडी खाली आली आणि इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. हर्षल पुढं फेकला गेला...

तो घरी आलाच नाही.

लोक म्हणाले, नशीब. मीही तेच म्हणालो.

आता त्याच्या पोराला, ओमला, तीच गाडी पाहिजे होती. वय एकोणीस आणि हट्ट बापाचा. त्याची आई माधुरी, म्हणजे एकाच घरात राहणारी माझी भावजय, महिनाभर नाहीच म्हणत होती. शेवटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, तुमी सोता इंजिन खोला. तुमी व्हय म्हनला तरच मी त्याला जाऊ देईन. दुसऱ्या कुनावर माझा भरवसा न्हाई."

मी नजर चुकवून पाना उचलला. नजर का चुकवली, ते पुढं सांगतो.

सिलिंडर आतून कापून बोअर केला, नवा पिस्टन टाकला, नव्या रिंगा टाकल्या. शनिवारी सकाळी टाकी भरली. संध्याकाळी ओम पहिली चक्कर मारणार होता.

गाडी सुरूच होईना.

चाळीस किका मारल्या. पायाचा नुसता भुगा झाला.

तसं टू-स्ट्रोक म्हणजे सरळ काम. स्पार्क, पेट्रोल, कॉम्प्रेशन. तिन्ही असली की इंजिनाला सुरू व्हावंच लागतं. प्लग काढून हेडला टेकवला, निळा स्पार्क पडला. प्लगचं टोक ओलं होतं, म्हणजे पेट्रोल येत होतं. ते बोटानं पुसलं. बोट लगेच वाळलं, चिकटपणा अजिबात नाही. मी तिकडं लक्षच दिलं नाही. इथंच शेण खाल्लं.

ओमला नवा प्लग आणायला राहुरीला पिटाळलं. माधुरी रानात होती.

राहिलं कॉम्प्रेशन. ते काम दोघांचं. एकानं प्लगच्या भोकावर अंगठा दाबायचा, दुसऱ्यानं किक मारायची. दाब चांगला असला की हवा अंगठा उडवते. अंगठा माझा आणि किक हर्षलची, असं आम्ही शेकडो वेळा केलेलं. मी "मार" म्हणायचो. तो किकच्या आधी बोटाच्या पेरानं टाकीवर दोनदा वाजवायचा. का, म्हणून विचारलं की नुसता हसायचा.

तेवढ्यात लाईट गेली.

शेजारची पिठाची गिरणी थांबली. पंखा थांबला. एवढी शांतता की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला.

मी वाकलो. भोकावर अंगठा दाबला. डोकं सगळं इंजिनात. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं...

"मार."

टक... टक.

मान वर करायच्या आत मागचा शॉकअप दबला. सीटवर कुणी बसावं तसा. किकचा दांडा सर्रकन खाली गेला.

फट्!

अंगठा उडाला. दांडा हळूच वर आला.

शेडमध्ये मी एकटा होतो.

मी उठून दाराकडं निघालो. आणि परत तोच आवाज... टाकीवरच.

टक... टक.

मी टाकीचं झाकण उघडलं. का उघडलं, विचारू नका. आत मोबाईलचा उजेड मारला.

पेट्रोल पाण्यासारखं स्वच्छ होतं.

ह्या गाडीला ऑईलची वेगळी टाकी नाही. ऑईल पेट्रोलमध्ये आपल्या हातानं मिसळावं लागतं. ते हिरवं असतं, मिसळलं की पेट्रोलही हिरवट दिसतं. नाही मिसळलं तर पिस्टन तापून सिलिंडरला धरतो आणि पळत्या गाडीचं इंजिन जाम होतं.

मी ऑईल घालायला विसरलो होतो.

परत.

हो, परत. तीन वर्षांपूर्वी त्या माळावर टाकी मीच भरली होती. कंपनीतल्या कुणाशी तरी फोनवर भांडत भांडत. हर्षल गेल्यावर माझ्या पिशवीत ऑईलची बाटली सापडली. सील तसंच. घरी येताना ती मी कॅनॉलमध्ये भिरकावली. आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही.

त्या दुपारी गाडी सुरू झाली असती तर संध्याकाळी ओम...

मी रडलो. चांगला मोठ्यानं रडलो. "हर्षल, माझ्या हातनं झालं रे," एवढंच बोलता आलं.

टाकी रिकामी केली. फळीवरच्या नव्या बाटलीचं सील फोडलं, मापानं ऑईल मिसळलं, दोनदा उजेडात धरून बघितलं. जुनाच प्लग परत लावला.

पहिल्या किकला गाडी सुरू झाली.

ओम आला आणि धूर बघून नाचायलाच लागला. मागोमाग माधुरी रानातून आली. शेडभर नजर फिरवत फळीपाशी थांबली.

"दादा, ही कुनाची?"

तिच्या हातात ऑईलची दुसरी बाटली होती.

मी एकच आणली होती. हिचं लेबल कुजलेलं होतं. अंगाला, बुडाला गाळ...

ओला गाळ.

हर्षलची सवय होती. प्रत्येक रेसला नवी बाटली घ्यायची आणि तिच्यावर खिळ्यानं त्या दिवसाची तारीख कोरायची. माधुरीनं पदरानं बाटलीचं अंग पुसलं. तारीख वाचली. तो तिच्या नवऱ्याचा शेवटचा दिवस होता.

मग तिनं झाकण फिरवून बघितलं.

"ही तर फोडलीच न्हाई, दादा."

मी वाकून गाडी बंद केली.

वर्ष झालं. ओम रेसला जातो, टाकी स्वतः भरतो. माधुरीनं ती बाटली घरात नेऊन हर्षलच्या फोटोखाली ठेवली आहे. तिनं परत कधी विचारलं नाही. मीही अजून सांगितलं नाही, इथं पहिल्यांदा लिहितोय. रोज मला जेवायला वाढताना ती आधी फोटोकडं बघते आणि मग माझ्याकडं.

मी मात्र खाली बघत जेवतो. तरी बाटली दिसतेच.

तिच्या बुडाचा गाळ अजून वाळलेला नाही. मी बोलेपर्यंत तो वाळेल असं मला वाटत नाही.