गोमतीवरची हाक

गोमतीत शिडाची नाव चालते, हे सुनंदाबाईंना निम्मी हयात लखनौत काढूनही ठाऊक नव्हतं. नदी म्हणजे निशातगंजला जाताना पुलावरून दिसणारं हिरवट पाणी आणि उन्हाळ्यात नाकाला लावायचा पदर, एवढीच त्यांची ओळख. म्हणून दीप्तीनं मोबाइल पुढे करून पांढऱ्या शिडाचा फोटो दाखवला, तेव्हा तो त्यांना कुठल्यातरी परदेशातला वाटला.

"यहीं का है मम्मी. सनसेट के टाइम निकलती है. पापा को ले चलते हैं ना."

"अव माय, त्यांना नावेत चढवायचं कसं?"

"मैं हूँ ना."

ते मात्र खरं होतं. दीप्ती अमौसीच्या विमानतळावर नोकरीला होती. म्हाताऱ्या-आजारी माणसांना धरून विमानात चढवणं हे तिचं रोजचंच काम. लेकीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. रावसाहेब त्यावरून तिला पूर्वी फार चिडवत.

पूर्वी. त्या घरात आता हा शब्द वरचेवर येऊ लागला होता.

रावसाहेब मूळचे अकोल्याकडचे, रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. लखनौतल्या मराठी बौद्ध मंडळींत त्यांची ओळख होती ती आवाजामुळे. विहारात वंदना त्यांनी सुरू करायची आणि मागून सगळ्यांनी उचलायची. जयंतीला माइक बंद पडला तरी त्यांचं भाषण अडत नसे. भाषणाचा विषयही बहुतेक एकच. भूत नाही, भानामती नाही, अंगात येणं नाही. बाबासाहेबांची माणसं अंधाराला भीत नाहीत. ते ऐकून लहानपणी दीप्ती अंधाऱ्या जिन्यात मुद्दाम एकटी जाऊन बसायची.

मग मागच्या पावसाळ्यात झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाय हळूहळू काठीच्या आधारानं चालू लागला, पण आवाज परतला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, मात्र बोलत राहायला हवं, तोडकंमोडकं का होईना. दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला विहारात त्यांनी वंदनेसाठी तोंड उघडलं. घशातून नुसती घरघर आली. मागं कुणीतरी फिसकन हसलं. त्या दिवसापासून रावसाहेबांनी ओठ मिटले ते मिटलेच. बोलण्याचा सराव करून घ्यायला येणारी बाई समोर बसून बसून परत जाऊ लागली. आणि सुनंदाबाईंना आणखी एक गोष्ट छळू लागली, जी त्या कुणाला सांगत नव्हत्या. तो आवाज कसा होता, हेच त्यांना नीट आठवेनासं झालं होतं.

संक्रांत उलटून गेल्यावरच्या एका रविवारी तिघं सरोजिनी नगरहून टॅक्सीनं नदीकाठी आली. दुपारभर छान ऊन होतं. घाटाच्या पायऱ्यांवर पोरंपोरी फोटो काढत होती, भाजलेल्या शेंगांचा वास येत होता. नाव लहानशीच, चार-पाच माणसं बसतील एवढी. नाव चालवणारा रामसजीवन गळ्यात मफलर गुंडाळलेला, हसतमुख माणूस होता. त्यानं आणि दीप्तीनं रावसाहेबांना अलगद उचलून मागच्या फळीवर बसवलं. सगळ्यांना नारिंगी जाकिटं घातली. सुनंदाबाई नवऱ्याच्या डाव्या हाताला, चांगल्या हाताला, टेकून बसल्या.

"पुल तक जाएँगे माताजी, फिर हवा के साथ लौट आएँगे," रामसजीवन म्हणाला. "बड़ा आनंद आएगा."

आणि खरंच आनंद आला. शीड फडफडलं, मग पोटात वारा भरून ताणलं गेलं, आणि नाव आवाज न करता सरकू लागली. इंजिनाची घरघर नाही, धूर नाही. पाणी फळीखाली चुळूचुळू बोलत होतं. शहराचे हॉर्न दूर दूर जात एखाद्या शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखे झाले. निशातगंजच्या पुलामागे सूर्य टेकला आणि सगळी नदी तांब्याची झाली. रावसाहेबांनी तोंड वर करून ते ऊन चेहऱ्यावर घेतलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी उलगडलेली सुनंदाबाईंनी पाहिली. दीप्ती पुढच्या टोकाला बसून फोटो काढत होती.

सूर्य गेला आणि वारा पडला.

हळूहळू पडला असंही नाही. कुणी दार लावून घ्यावं तसा थांबला. शीड लुळं होऊन डोलकाठीला चिकटलं. पाण्यावरून धुकं उठू लागलं. आधी हातभर, मग काठ दिसेनासे झाले, मग पुलावरचे दिवे पुसले गेले. कुजक्या जलपर्णीचा आणि ओल्या राखेचा वास आला.

"कोई बात नहीं," रामसजीवननं वल्हं काढलं. "जाड़े में हो जाता है." पण त्याचं हसू गेलं होतं. तो वल्हं मारत होता, पाणी मागं जात होतं, आणि नाव होती तिथंच होती.

तेव्हा हाक आली.

"नंदा..."

सुनंदाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. लग्न होऊन आल्यापासून त्यांना 'नंदा' म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो त्यांच्या शेजारी ओठ मिटून बसला होता.

"नंदा, इकडं ये."

भरदार, खणखणीत आवाज. माइकची गरज नसलेला. धुक्यातून, पाण्याच्या अगदी जवळून येत होता. त्यांनी झटकन रावसाहेबांकडे पाहिलं. ओठ बंद. नजर मात्र त्याच दिशेला लागलेली, आणि डोळे विस्फारलेले.

"दीप्ती... काही ऐकलंस?"

"क्या मम्मी?" दीप्ती पुढून म्हणाली. तिचा आवाजच उलट फार लांबून आल्यासारखा वाटला.

"नंदा, मी इथं आहे. किती दिवस झाले गं... न्यायला नाही आलीस."

भीती कुठल्या कुठे गेली. सुनंदाबाईंना नंतर सगळ्यात जास्त याचंच नवल वाटायचं, की त्या क्षणी भीती अशी उरलीच नाही. हरवलेली वस्तू भलत्याच ठिकाणी दिसावी तसं त्यांना झालं. म्हणजे आवाज इथं होता! यांच्या अंगातून निसटून इथं येऊन पडला होता, आणि आपण दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत बसलो. आता फक्त हात पुढे करायचा आणि घरी घेऊन जायचं.

त्या फळीच्या कडेला सरकल्या. नाव तिकडे कलली.

"माताजी, बीच में बैठिए," रामसजीवन म्हणाला. त्यांना ते ऐकूच आलं नाही.

"ते जाकीट काढ बरं, नंदा. त्यानं अडचण होते... मला धरता येत नाही तुला."

किती मायेनं बोलत होता तो. सुनंदाबाईंनी जाकिटाचं बक्कल सोडलं. पाण्याजवळ, हाताच्या अंतरावर, धुकं जरा दाट होतं, माणसाच्या खांद्यांएवढं. त्या वाकल्या. बोटं पाण्याला लागली. पाणी कोमट होतं. जानेवारीच्या संध्याकाळी कोमट.

मागून कुणीतरी पदर ओढला. कानाशी घरघर सुरू झाली, "घ्... न्... न्न्..." अशी, कर्कश, नकोशी.

"थांबा हो!" सुनंदाबाई वैतागून म्हणाल्या. "ऐकू द्या मला!"

आणि बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं, आपण कुणाला गप्प करतोय.

त्यांनी मान वळवली. रावसाहेबांनी डाव्या मुठीत पदर गच्च आवळला होता. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा तटतटलेल्या, वाकड्या ओठांतून लाळ गळत होती. दिवाळीनंतर मिटलेलं तोंड उघडलं होतं.

"न्... नं... दा... न... को."

फाटका, घोगरा, अर्धा गिळलेला आवाज. त्यात पूर्वीचं काही म्हणजे काही नव्हतं. पण बोलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"नंदा, त्याच्याकडं पाहू नको," पाण्यातून खणखणीत आवाज आला. आता त्यात माया नव्हती. "तो मी नाही. मी इथं आहे."

सुनंदाबाईंनी पाण्यातला हात बाहेर ओढला. बोटं सहज निघाली नाहीत. पाण्यानं ती क्षणभर धरून ठेवल्यासारखी वाटली. मग त्यांनी तो ओला हात तसाच नवऱ्याच्या गालावर ठेवला.

"बोला," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोला. मी ऐकते."

"न... को. ब... बस."

"बसले. हे बघा, बसले. अजून बोला."

नाव एकाएकी कलली, जणू कुणी कडेला लोंबकळत होतं. रामसजीवन "राम राम राम" करत दुसऱ्या बाजूला झुकला. दीप्ती किंचाळून मागे धावली आणि दोघांना मिठी मारून बसली. रावसाहेब थांबले नाहीत. "नं... दा. नं... दा." मोडक्या चरख्यासारखं तेच ते. मग कधीतरी ते वजन सुटलं, नाव सरळ झाली, आणि सुनंदाबाईंच्या मानेवर गार वारा लागला. शीड एकदा थरथरलं. मग भरलं.

घाटाचे दिवे दिसू लागले तेव्हा दीप्ती बापाच्या छातीवर डोकं ठेवून रडत होती. "पापा बोले... मम्मी, पापा बोले ना?" आणि मग, कधी नव्हे ते मराठीत, "बाबा, अजून एकदा बोला."

"दी... दीप," रावसाहेब म्हणाले.

रामसजीवननं नाव बांधली. त्याला कसलाच आवाज ऐकू आला नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, "माताजी, वो उधर से नाव पकड़ी किसने थी?"

त्यानंतर रावसाहेबांनी तोंड मिटलं नाही. सराव करून घेणाऱ्या बाईपुढे ते हट्टानं बसू लागले. आधी नावं, मग भाज्या, मग शिव्या. विहारात कुणी हसो न हसो, वंदनेचा एकेक शब्द अडखळत म्हणू लागले, आणि मागची मंडळी त्यांच्या चालीनं थांबत थांबत म्हणू लागली. होळीच्या सुमारास सुनंदाबाईंनी धीर करून विचारलं, त्या दिवशी तुम्हाला काय ऐकू आलं?

रावसाहेब बराच वेळ शब्द जुळवत होते.

"भूत... नसतं," त्यांनी आधी बजावलं. मग म्हणाले, "तुझा... आवाज. मला... बोलवत होता."

"माझा? मग तुम्ही कसे नाही गेलात?"

"तू... शेजारी... होतीस ना."

सुनंदाबाई त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन एकट्याच हसल्या आणि एकट्याच रडल्या.

मग एका संध्याकाळी रावसाहेब एकटे खाली गेले. कोपऱ्यावरच्या गाड्यावरून लिंबं आणायची, एवढंच काम, पण स्वतः मागून आणायची. सुनंदाबाई कणीक मळता मळता कान देऊन होत्या. दिवेलागण झाली. जिन्यात पावलं वाजली आणि दाराशी थांबली.

"नंदा, दार उघड."

एक शब्द अडखळला नाही. एक अक्षर तुटलं नाही.

पिठाचा हात कडीवर तसाच राहिला. त्यांनी कडी काढली नाही. "कोण?" एवढंच विचारलं.  बाहेर पावलं हलली, आणि वर चढत गेली.

थोड्या वेळानं खालून काठीची टकटक आली. धाप लागलेली, थांबत थांबत.

"न... नंदा. लि... लिंबं."

त्यांनी दार उघडलं. रावसाहेब पायरीवर उभे होते, घामेजलेले, मनगटाला पिशवी, चेहऱ्यावर शर्यत जिंकून आलेल्या पोराचा आनंद. पण ते बायकोकडे बघत नव्हते. वरच्या जिन्याकडे बघत होते.

"वर... कोण गेलं?" ते म्हणाले. "पाठमोरा... होता. मी... हाक मारली... त्यानं ओ... दिली नाही."

झटक्यानंतरचं त्यांचं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. सुनंदाबाईंनी त्यांचा डावा हात धरून त्यांना आत घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, "कुणी नाही. तुम्ही सांगा, लिंबं कशी मागितली?"

त्यांच्या मजल्याच्या वर फक्त गच्ची होती, आणि तिला कुलूप होतं. दार लावता लावता सुनंदाबाईंना ऐकू आलं, वर अंधारात कुणीतरी घसा खाकरला. सभेत भाषणाला उभं राहिलेला माणूस पहिल्या शब्दाआधी खाकरतो ना, तसा.