आत गेला की मेला

दुकानात शिरताना शिवानीच्या तोंडाला अजून स्कार्फ बांधलेला होता. गडमुडशिंगी गावाहून कोल्हापुरातल्या राजारामपुरीपर्यंत स्कूटरवरून धूळ खात यायचं, तर डोळ्यांखेरीज काही उघडं ठेवायची सोय नव्हती. कॉलेजातल्या विज्ञान प्रदर्शनाचा फ्लेक्स छापायला टाकायचा, एवढंच काम. पण काउंटरमागच्या स्क्रीनवर तिला दिसला तो स्वतःचाच चेहरा. खाली ठळक अक्षरं होती, ‘लग्न ठरलेल्या मित्राला शेवटचा सल्ला’. आणि स्पीकरमधून तिचाच आवाज आला... ‘आत गेला की मेला!’

स्क्रीनसमोरचा पोरगा पोट धरून हसत होता. “हसा की मॅडम! माझ्याच पेजवरचं हाय, अख्खं कोल्हापूर हसतंय.”

शिवानीनं सावकाश स्कार्फ सोडला.

पोराचं हसू जागच्या जागी वाळलं. “आयला... तुम्हीच की!”

“व्हय. मीच.”

शिवानी कांबळे एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवायची. खोल समुद्राच्या तळाशी पाण्याखालीच पाण्याचं एक तळं असतं. ते इतकं खारट आणि जड, की वरच्या पाण्यात मिसळतच नाही. आत प्राणवायूचं नाव नाही. चुकून उतरलेला खेकडा मरतो आणि लोणच्यातल्या फोडीसारखा तसाच राहतो. मुलांना हे कळावं म्हणून तिनं गच्चीवर उभं राहून, जीव तोडून ‘आत गेला की मेला!’ म्हणत एक व्हिडिओ केला होता. तिकडं परदेशात लोकांनी त्या तळ्याला ‘निराशेचा टब’ म्हणत ‘आम्हाला तिथंच डुंबायचंय’ अशी थट्टा चालवलीच होती. ती लाट कोल्हापुरात आली आणि इथं तिला शिवानीचं तोंड मिळालं. सासर, जिम, इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन... सगळीकडं तेच, ‘आत गेला की मेला!’

ती फळ्याकडं वळली की मागच्या बाकांवरून तोच ओरडा. प्राचार्यांनी तर बोलावून सांगितलं होतं, “मॅडम, कॉलेजचं हसं होतंय. पुढच्या वर्षी तास द्यायचे की नाही, बघावं लागेल.”

आणि हे सगळं सुरू करणारा इथं एसीत बसून खिदळत होता!

“मला विचारलं होतंस?” तिनं विचारलं.

“तुमचा नंबर नव्हता...”

“व्हिडिओखाली दोन ओळी लिहायला बोटं नव्हती?”

“चुकलं,” तो म्हणाला. मग मान तिरकी करून — “पण खरं सांगू? खेकड्यासाठी एवढं तळमळताना मी कुणाला बघितलं न्हवतं. आन् चेहरा बी असा...”

“कसा?”

“...रागावल्यावर जास्तच.”

“गप बस!” तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि त्या तापल्या याचाच तिला जास्त राग आला. “नाव काय तुझं?”

“प्रसेनजीत.”

“प्रसेनजीत, उद्या कॉलेजात यायचं. आमच्या प्राचार्यांना सांगायचं, हे कुणाचं काम ते.”

तो आला. इस्त्रीचा शर्ट, केस चोपून बसवलेले. पण आवारात पोरांनी त्याला ओळखलं आणि गराडा पडला. “पेजवाला दादा! दादा, एक सेल्फी!” शिवानी बघतच राहिली. जिचा चेहरा चोरला ती बदनाम, आणि चोराबरोबर फोटो! त्यानं मोबाइल बाजूला सारत वाट काढली, एकालाही फोटो दिला नाही. तेवढं मात्र तिनं पाहिलं.

प्राचार्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला. त्याचं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, “पोरं चेष्टा करणारच हो. बाईमाणसानं तोंड दाखवत व्हिडिओ करावाच कशाला?”

प्रसेनजीत ताडकन उठला. “सर, ह्ये काय बोलणं—”

“तू बस,” शिवानी म्हणाली. “माझं मी बोलते.” ती प्राचार्यांकडं वळली. “सर, मी शिकवलं. यानं चोरलं. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. आणि जाब मला? याला चहा सांगितलात. मला आजवर कधी ‘बसा’ म्हणालात? माझे तास काढायचे तर काढा. पण तसं लेखी द्या... शिकवलं म्हणून काढलं.”

प्राचार्यांनी कोरा कागद पुढं ओढला, आणि तसाच मागं सारला.

तास निघाले नाहीत. माफीही प्राचार्यांनी मागितली नाही, आणि ती सल शिवानीच्या मनात राहिलीच. माफी मागितली ती प्रसेनजीतनं. पेजवर तिचा अख्खा व्हिडिओ नावानिशी टाकला, वर लिहिलं, ‘मी हा न विचारता कापला होता.’ लोकांनी त्यालाच शिव्या घातल्या. त्या त्यानं पुसल्या नाहीत.

मग शिवानी पुढचे व्हिडिओ त्याच्याच दुकानात बसून करायला लागली. “इथं काप मारू?” “हात लावलास तर बघ!” असं चालायचं. चहाचा पेला सरकवताना त्याची बोटं जरा रेंगाळायची... ती डोळे वटारायची, पण हात मागं घ्यायची नाही. थंडी सरली, आंब्याला मोहर आला, तरी हा गडी त—त—प—प करतोय.

“शिवानी, एक इचारायचं हुतं... म्हंजे... जाऊ दे.”

“जाऊ दे काय? चारचौघात तोंड चालतं, आणि माझ्यापुढं दातखीळ? विचार की!”

त्यानं विचारलं.

त्या रविवारी भर दुपारी तो गडमुडशिंगीत तिच्या दारात उभा होता. तिचे वडील, बाळासो आण्णा, ओट्यावर शेंगा सोलत बसले होते.

“या पावणं. कुणाकडं?”

प्रसेनजीत शर्टाची कॉलर सारखी करत राहिला. तेवढ्यात आतून शिवानी आली, पदराला हात पुसत, कपाळाला आठी घालून. “माझ्याकडं आलाय, आण्णा. बोल की आता!”

त्यानं चपला काढल्या. “आण्णा, तुमची पोरगी मला आवडती. लग्न करायचं हाय. तिला इचारलंय... व्हय म्हणाली. रागानंच म्हणाली, पण व्हय म्हणाली.”