नारिंगी, आणि कोपऱ्यातला निळा

“अहो, समोर काही पेटलंय का?”

शेजारच्या खुर्चीवरच्या तरुणाने इतक्या गंभीरपणे विचारलं, की तिला हसूच फुटलं. डोळ्यांच्या दवाखान्यात ती मावशीला घेऊन आली होती. मावशी आत तपासणीला, आणि ही बाहेर ताटकळत.

“पेटलं नाही, चित्र आहे.”

“माफ करा हं. चष्मा नंबर तपासायला आत गेलाय, वर डोळ्यांत थेंब घातलेत. नुसता नारिंगी धूर दिसतोय. कसलं चित्र आहे?”

“कसलंच नाही. म्हणजे... नुसते रंग.”

“मग तेच सांगा ना. शाळेत दिवसभर मी मुलांना भूमिती सांगतो. आज मला कुणीतरी सांगू दे!”

ती केक सजवायची. रंग रोजच्या हातातले. पण एखाद्या चित्रापाशी अशी कधी थांबली नव्हती. उठून जवळ गेली.

“नारिंगी एकच नाहीये... वर पिकल्या पपईसारखा, खाली येता येता विटेसारखा. मधे एक गोल आहे, पण एका बाजूने दबलेला.”

“कंपास हलला असणार.”

“छे, मुद्दाम हलवलाय! पुरा गोल असता तर जागच्या जागी बसला असता. हा... घरंगळतोय.” आपल्याला हे सुचलं कसं, तिचं तिलाच नवल वाटलं.

“आणि ब्रश?”

“डावीकडे रंग जाड थापलाय, क्रीमसारखा. तिथून एकच फटकारा सुटलाय... पुढे ब्रश कोरडा पडत गेलाय, केसांच्या रेघा उमटल्यात. तरी हात उचललेला नाही बघा! मी असते तर घाबरून पुन्हा रंगात बुडवला असता.”

“तुम्ही घाबरता?”

“अनोळखी माणसांशी बोलायला तर फारच,” ती म्हणाली, आणि दोघंही हसली. “अगंबाई! कोपऱ्यात नखाएवढा निळा आहे. मघापासून दिसलाच नव्हता!”

वळून बघते तो काय, चष्मा त्याच्या हातात.

“हा कधी आला?”

“गोल घरंगळत होता तेव्हा.”

“मग घातला का नाही?”

“चित्र दिसलं असतं हो... पण तुमचं बोलणं थांबलं असतं.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता हा आपल्याला बघणार... केस विसकटलेले, बाहीवर साखरेचा डाग!

“घाला. पण आधी चित्र बघायचं!”

त्याने निमूट चष्मा चढवला. चित्रापाशी गेला. तो कोरडा फटकारा नजरेने शेवटपर्यंत नेला, निळ्यापाशी रेंगाळला... मग वळला, आणि बघतच राहिला.

“काय?”

“सगळं सांगितलंत... स्वतःबद्दल मात्र घाबरता एवढंच. रविवारी चित्रांचं प्रदर्शन आहे. याल?”

तिने बाहीवरचा डाग मुठीत लपवला. इतक्यात मागून आवाज आला —

“हो म्हण गं, चिमणे!” मावशी केव्हाची दारात उभी होती. “माझी नजर अजून शाबूत आहे, डॉक्टरच म्हणाले!”

“येईन की,” ती म्हणाली... मावशीकडे मुळीच न बघता.