जोडरक्ती

“नळी काढायची न्हाई म्हणजे न्हाई. ह्यो मरंल की,” बिरा म्हणाला.

“मरतोय कशाला? तू तुझं बघ,” शेजारच्या पलंगावरनं मायाप्पा गुरकावला. “मोठा आला दानशूर.”

“अर्धं यकृत कुणाचं हाय तुझ्या पोटात? बोलताना त्याची तरी लाज धर.”

“रोज धा वेळा ऐकवायलाच दिलंस व्हय?”

दोघं सख्खे भाऊ, जतकडचे; बिरा थोरला. मायाप्पानं न विचारता सगळी मेंढरं विकली, तेव्हा बिरा घरातनं निघाला तो निघालाच. दुधाचा टँकर चालवायचा, केबिनमध्येच झोपायचा. जेवायला एकटा, ताप आला तरी एकटा. मायाप्पाचं यकृत कामातून गेलं आणि डॉक्टरांना जुळणारा माणूस लागला, तेव्हा मात्र तो आला, सही केली आणि टेबलावर आडवा झाला. भावाशी एक शब्द बोलला नाही.

मिरजेच्या दवाखान्यात त्याचं निम्मं यकृत कापून मायाप्पाला बसवलं, त्याला आता तीन आठवडे होत आले. कापलेलं यकृत पुन्हा वाढतं, पण तोवर दोघांना निभावून न्यायला इथं एक नवीन यंत्र होतं. त्याला जोडरक्ती म्हणायचे. रक्तगट एकच. दोघांच्या नळ्या मधल्या पेटीत यायच्या, रक्त एकमेकांत मिसळायचं आणि परत दोघांच्या अंगात जायचं.

खरं सांगायचं तर बिराला ती पेटी आवडायला लागली होती. ती धकधक करायची आणि त्याला वाटायचं, आपल्यामुळं कुणीतरी जगतंय. टँकरभर दूध पोचवून कधी असं वाटलं नव्हतं.

काल चाचणीसाठी डॉक्टरांनी नळी काढली होती. पुढचं त्याला धड आठवत नव्हतं. गुंगी आली, आणि शुद्धीवर आला तर नळी परत जोडलेली. त्यानं मनाशी ओळखलं: मायाप्पाला आपल्यावाचून झेपलं नाही.

जोडरक्तीचं काम बघणाऱ्या डॉ. शहनाज मुजावर आत आल्या. त्यांच्या मागं दोघांची शस्त्रक्रिया करणारे डॉ. हेर्लेकर. बाईंनी भिंतीवर दोन चित्रं लावली.

“हे मायाप्पांचं यकृत. बसवलं त्याच्या चौपट झालंय. आणि हे बिरांचं. कापून उरलं होतं तेवढंच आहे.”

“माझ्या वाटचं पण ह्यानंच खाल्लं,” बिरा म्हणाला. “मेंढरांवर भागलं न्हाई.”

हेर्लेकर हसले नाहीत. “यकृत वाढवणारं रक्तातलं रसायन, ते विकर, कमी पडतंय का? बाहेरनं टोचू.”

“कमी नाही सर, झोपलंय. प्रयोगशाळेत आम्ही त्याला जागल्या म्हणतो. रक्तात कचरा साचायला लागला की हा उठतो, यकृताच्या पेशींना हाका मारतो, वाढा म्हणतो. कचरा निपटला की परत झोपतो. बाहेरनं टोचलेल्याला कधी झोपायचं ते कळत नाही. मग जी वाढते ती गाठ.”

“पण रक्त तर दोघांत एकच फिरतंय. एकाचाच कसा उठला?”

“मायाप्पांचं रक्त यंत्राला जोडायच्या आधीच खराब होतं. त्यांचा जागल्या आधी उठला. मग पेटीतनं त्याच्यापुढं दोन माणसांचा कचरा आला, म्हणून यकृत दोन माणसांपुरतं वाढलं. बिरांच्या यकृताला रक्त मिळतंय ते आयतं धुतलेलं. त्यानं उठावं कशाला?”

बिराला हे उलगडायला वेळ लागला.

“म्हणजे मी ह्याला जगवत न्हाई?”

“नाही. ते तुम्हाला जगवतायत.”

पेटी आपली धकधक करत राहिली. मग बाई मायाप्पाकडं वळल्या. “काल ह्यांचा जागल्या उठायला लागला होता. तेवढ्यात नळी परत जोडली गेली. आमच्यापैकी कुणी जोडली नाही.”

“डोळं पिवळं झालतं त्येचं,” मायाप्पा खिडकीकडं बघत म्हणाला. “आईला हाका मारत हुता. मी काय बघत बसू?”

बिराच्या तोंडापर्यंत शिवी आली आणि तिथंच राहिली.

“आता वेगळी खोली,” बाई बिराला म्हणाल्या. “रक्तात कचरा साचेल, पिवळे पडाल, भ्रम होईल. आम्ही लक्ष ठेवू, पण जवळ कुणी बसायचं नाही. जागल्या उठला तर वाचाल. नाही उठला तर मी खोटं सांगणार नाही.”

“आणि असंच जोडून ऱ्हायलो तर?”

“तर दोघंही ह्या खोलीतनं कधी बाहेर पडणार नाहीत.”

“ऱ्हाऊ की मग,” मायाप्पा म्हणाला. “काय बिघडलं?”

बिराला हो म्हणावंसं वाटलं. बाहेर त्याची वाट कोण बघत होतं? पण काचेपलीकडं मायाप्पाची बायको उभी होती, रोजच्यासारखी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. त्यानं हात पुढं केला. बाईंनी नळी काढली. पेटी थांबली.

चाकाची खुर्ची आली. त्यात बिराला बसवलं, तसा मायाप्पानं पलंगावरनं हात लांबवून खुर्चीचा दांडा धरला.

“दादा,” मायाप्पा म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. “जरा थांब की. च्या येतोय.”

“थांबलो तर तू जोडशील.”

“न्हाई जोडत.”

“जोडशील. मला ठावं हाय.”

“निदान दार तरी उघडं ठेवा त्येचं. हाक मारली तर ऐकू यील.”

“तेच नको हाय, मायाप्पा. सोड खुर्ची. मला आता निघाय पायजे.”