आवाजाच्या नोंदी

ती पुस्तक परत करायला आली आणि चुकून माहिती विभागाच्या खिडकीशी उभी राहिली. आतल्या ग्रंथपालाने चष्म्यावरून पाहिलं. "इथे पुस्तकं घेत नाही आम्ही... अडचणी घेतो."

अडचण होतीच. शहरातली धूळ आणि लहान मुलांचा दमा हा तिच्या प्रबंधाचा विषय, पण एवढ्या शहराची धूळ एकट्या जिवाने मोजायची कशी? सरकारी खात्यांनी, विद्यापीठांनी जमवलेली कितीतरी माहिती सगळ्यांना वापरायला खुली असते, हे त्याने दाखवलं. आकडे दिसले म्हणून भुलायचं नाही, म्हणाला. ते कुणी, कधी, कशाने मोजले ते आधी वाचायचं. तेव्हापासून दर गुरुवारी ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत. संगणकाच्या पडद्याकडे बघायचं असतं, याची तिला स्वतःलाच आठवण करून द्यावी लागे.

मग एक कुरळ्या केसांची संशोधक आली. गोंगाटाने मुलांची झोप कशी मोडते, हा तिचा अभ्यास. खुर्ची तिला गेली, चार वाजताचा चहाही. ते दोघं हसले की इकडे हिच्या अंगाचा तिळपापड.

तिसऱ्या गुरुवारी त्याने कुरळीसाठी म्हणून हिला विचारलं, आवाजाच्या नोंदी कुठे पाहण्यात आल्या का?

आल्या होत्या. धूळ शोधताना सापडलेल्या, पाच वर्षांच्या, चौकाचौकातल्या.

"नाही," ती म्हणाली.

आठवड्याने कळलं, नोंदी मिळेनात म्हणून कुरळी विषयच सोडतेय. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. लोकांनी खुलं ठेवलं म्हणून आपला प्रबंध उभा राहिला, आणि आपण दार लावून बसलो... उपाहारगृहात कुरळीला गाठून तिने नोंदींचा पत्ता लिहून दिला, आपल्याला तो आधीच ठाऊक होता हेही सांगितलं. आठ दिवस रडतेय मी, एवढंच कुरळी बोलली आणि कागद मुठीत धरून निघून गेली.

ही तशीच ग्रंथपालाच्या खिडकीशी आली. "मी खोटं बोलले."

"माहीत आहे. त्यानंतर तुम्हाला सापडलेल्या माहितीची यादी मी तपासली. त्यात होत्या त्या नोंदी."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत तिला?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "तुम्हाला माझ्यावरून हेवा वाटतोय, हे दिसलं... आणि इतकं बरं वाटलं, की आज सांगू, उद्या सांगू—" त्याचे कान लाल झाले होते. "माफी मलाही मागायचीय तिची."

"चला, दोघं मिळून मागू." दाराशी ती थांबली. "आणि हे अहो-जाहो आता पुरे."

त्याने खिडकी बंद केली.

"चल," तो म्हणाला.